कृष्णा म्हणजे सावळी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत पंधरवड्यापूर्वी मुलींच्या नावांची आणि त्यांच्या अर्थांची एक यादी प्रसिद्ध झाली. ती मी लक्षपूर्वक वाचली, कारण तिच्यात माझेही नाव होते. 'कृष्णा' या नावासमोर 'आकर्षून घेणारी, श्रीकृष्णाची भक्त' असा अर्थ दिला होता आणि त्यापुढे 'मुलगा-मुलगी दोघांसाठी' अशी पुस्ती जोडली होती. ज्या यादीवरून कुणीतरी आपल्या लेकीचे नाव निश्चित करणार आहे, त्या यादीत एका जुन्या आणि अर्थपूर्ण नावाबद्दल इतके अपुरे लिहिले जावे याचे मला मनापासून वाईट वाटले. मी आयुष्यभर शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवले आणि हे नाव तर जन्मापासून वागवले, म्हणून या दोन्ही अधिकारांनी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, तरी विषयाला ते आवश्यक आहे असे समजून आपण ते छापावे अशी विनंती आहे.

प्रथम अर्थाचे पाहू. 'कृष्ण' हे संस्कृतातले रंगवाचक विशेषण आहे आणि त्याचा सरळ अर्थ काळा, सावळा असा आहे. अमरकोशात 'कृष्णे नीलासितश्यामकालश्यामलमेचकाः' अशी ओळ आहे, म्हणजे कृष्ण, नील, असित, श्याम, काल, श्यामल आणि मेचक हे सारे शब्द तिथे एकाच वर्णासाठी एकत्र ठेवलेले आहेत. विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप करताना शेवटच्या 'अ'चा 'आ' होतो. ज्या नियमाने 'प्रिय'चे 'प्रिया' आणि 'श्याम'चे 'श्यामा' होते, त्याच नियमाने 'कृष्ण'चे 'कृष्णा' होते. म्हणून कृष्णा म्हणजे सावळी, काळ्या वर्णाची स्त्री. श्रीकृष्णाच्या भक्तीशी या शब्दाचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही. देवाला ते नाव त्याच्या वर्णावरून मिळाले आणि आम्हा बायकांनाही ते वर्णावरूनच मिळते. आम्ही त्याच्या नावाला शेपूट जोडून तयार झालेलो नाही. 'आकर्षून घेणारी' हा अर्थ 'कृष्' म्हणजे ओढणे या धातूवरून भक्तिपर ग्रंथांत देवासाठी लावला गेला आहे. तो त्या परंपरेत शोभतो आणि भाविकाने तो जरूर मानावा, पण नावाचा पहिला अर्थ बाजूला सारून केवळ तोच छापला की वाचकाची दिशाभूल होते.

पहिला अर्थ बाजूला का सारला जातो, हे मला ठाऊक आहे आणि आपल्यालाही ठाऊक असणार. मुलीच्या नावासमोर 'काळी' असे लिहायला हात धजत नाही. मुलग्यांच्या बाबतीत ही अडचण आपल्या समाजाला कधी आलेली नाही. कृष्ण, श्याम, घनश्याम, मेघश्याम, सावळाराम, काळूराम ही नावे पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने ठेवली गेली आणि त्यांचे अर्थ सांगताना कुणी आवंढा गिळला नाही. मुलीच्या नावात काळोख यायचा असेल तर मात्र तो आडवाटेने येतो. रात्रीच्या मिषाने निशा, रजनी, यामिनी, शर्वरी येतात, ढगाच्या मिषाने मेघा येते आणि डोळ्यांत घालायच्या काजळाच्या मिषाने काजल येते. अंगाचा वर्ण थेट सांगणारी कृष्णा, श्यामा, श्यामला ही नावे मात्र मागे पडत गेली आणि त्यांच्या शेजारी गौरी, शुभ्रा, श्वेता, उज्ज्वला, शुभांगी यांची रांग लांबत गेली. या नावांच्या मुलींवर माझा राग नाही, त्यांतल्या कितीतरी माझ्या वर्गात बसून गेल्या आहेत. परंतु आपल्याच वृत्तपत्राच्या विवाहविषयक जाहिरातींत 'निमगोरी' हा शब्द अजूनही छापला जातो, आणि सावळेपणातला अर्धा भाग लपवण्यासाठी भाषेने एक शब्दच घडवावा, याचा विचार कधीतरी झाला पाहिजे.

हे लपवणे आजचे नाही. कालिदासाने मेघदूतात यक्षपत्नीचे वर्णन 'तन्वी श्यामा शिखरिदशना' असे केले. शब्द स्पष्ट होता, तरी 'श्यामा' म्हणजे ऐन तारुण्यातली स्त्री असे टीकाकार सांगू लागले. पुढे एक श्लोकही प्रचारात आला की जी थंडीत उबदार आणि उन्हाळ्यात शीतल असते आणि जिची कांती तापवलेल्या सोन्यासारखी असते, त्या स्त्रीला श्यामा म्हणावे. म्हणजे सावळी हा अर्थ सांगणारा शब्द घेतला आणि त्याच्या पोटात सोन्याचा रंग भरला. संस्कृतच्या तासाला हा श्लोक आला की मी मुलींना आधी शब्दकोशातला अर्थ वहीत लिहायला सांगत असे आणि टीकाकारांचे म्हणणे नंतर सांगत असे. शाळेतून बाहेर पडल्यावर त्यांना तापलेल्या सोन्याच्या उपमा पुष्कळ ऐकायला मिळणार होत्या, सावळेपण हे सौंदर्याचे विशेषण म्हणून कालिदासाने वापरले आहे हे मात्र कदाचित पुन्हा कुणी सांगणार नव्हते.

आता या नावाच्या सर्वांत मोठ्या धारिणीकडे येते. महाभारताच्या आदिपर्वात द्रुपदाच्या यज्ञवेदीतून एक कन्या प्रकट होते. तिचे वर्णन करताना 'श्यामा' हा शब्द येतो, पुढे कमळाच्या पाकळीसारखे डोळे आणि काळेभोर कुरळे केस येतात, आणि तिच्या अंगाचा नीलकमळासारखा गंध कोसभर दरवळतो असे सांगितले जाते. तिचे नाव ठेवतानाची ओळ अशी आहे: 'कृष्णेत्येवाब्रुवन् कृष्णां कृष्णाभूत् सा हि वर्णतः'. ती वर्णाने कृष्णा होती, म्हणून तिला कृष्णाच म्हटले. कवीने इथे आडपडदा ठेवलेला नाही आणि समर्थनही दिलेले नाही. ज्या स्त्रीला जिंकण्यासाठी स्वयंवराला देशोदेशीचे राजे जमले, ती काळी होती आणि तेच तिचे नाव होते.

या ठिकाणी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी अशी मला कळकळीने वाटते. द्रौपदी म्हणजे द्रुपदाची मुलगी. पांचाली म्हणजे पांचाल देशाची राजकन्या. याज्ञसेनी हे नाव ती यज्ञातून जन्मली म्हणून पडले असा पुष्कळांचा समज आहे, पण यज्ञसेन हे द्रुपदाचेच दुसरे नाव आहे, तेव्हा याज्ञसेनी म्हणजे पुन्हा त्याचीच मुलगी. पार्षती हे नाव आजोबा पृषत याच्यावरून आले. अज्ञातवासात तिला सैरंध्री म्हणत, ते तर राणीच्या महालात केशरचना करणाऱ्या दासीच्या कामाचे नाव. ही सगळी नावे बाजूला काढली की तिच्या स्वतःच्या अंगाचे, कुणाच्याही नात्याने न आलेले असे एकच नाव उरते आणि ते कृष्णा हे आहे. इतक्या थोर स्त्रीला आपण रोजच्या बोलण्यात तिच्या बापाच्या नावाने ओळखतो, आणि तिचे स्वतःचे नाव यादीत आले तर त्याच्यापुढे दुसऱ्याच्या भक्तीचा अर्थ लिहितो.

महाभारतात कृष्ण या शब्दाची आणखीही माणसे आहेत. स्वतः व्यास हे कृष्ण द्वैपायन आहेत. विराटपर्वात उत्तराला आपली दहा नावे सांगताना अर्जुन त्यांत 'कृष्ण' हेही नाव सांगतो आणि ते वडिलांनी लाडाने ठेवले होते असे म्हणतो. कथा सांगणारा, सारथ्य करणारा, धनुष्य उचलणारा आणि जिच्या अपमानापासून युद्धाची ठिणगी पडली ती, असे चौघे एकाच वर्णाने आणि एकाच नावाने जोडलेले आहेत. त्यांतल्या तिघांचे नाव कृष्ण आणि चौथीचे कृष्णा, हा एका कान्याएवढाच फरक आहे. तो काना तिचा आहे.

माझे नाव मात्र महाभारतावरून आले नाही, नदीवरून आले, असे घरी सांगत असत. आमचे गाव वाई तालुक्यात कृष्णेच्या काठी आहे. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात, आणि तिथून निघालेली कृष्णा वाई, कऱ्हाड, सांगली, नरसोबाची वाडी असा प्रवास करत कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र प्रदेशातून सुमारे १,४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. कऱ्हाडला कोयना तिला समोरून येऊन मिळते आणि वाडीला पंचगंगा मिळते. आमच्याकडे तिला नुसते कृष्णा कुणी म्हणत नाही, कृष्णामाई किंवा कृष्णाबाई म्हणतात. वाईला घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव होतो, तिची मूर्ती मांडवात बसते, तिला साडीचोळी नेसवतात आणि माहेरवाशिणीसारखे तिचे कोडकौतुक करतात. गुरू कन्या राशीत आला की बारा वर्षांनी कन्यागत पर्वकाळ येतो आणि त्या काळात प्रत्यक्ष गंगा कृष्णेच्या भेटीला येते अशी श्रद्धा आहे. महाबळेश्वरची स्थळकथा असे सांगते की ब्रह्मदेवाच्या यज्ञात सावित्रीच्या जागी गायत्रीला बसवले, तेव्हा संतापलेल्या सावित्रीने देवांना तुम्ही नद्या व्हाल असा शाप दिला, आणि विष्णूची कृष्णा, शंकराची वेण्णा व ब्रह्मदेवाची कोयना झाली. या कथेत देव स्वतः स्त्रीरूप घेऊन कृष्णा होतो. पुढे वारकरी संतांनीही विठ्ठलाला विठाई, कृष्णाई, कान्हाई अशी हाक मारली. तेव्हा 'दोघांसाठी' या पुस्तीत जे म्हणायचे होते ते आपल्या परंपरेने याहून कितीतरी प्रेमाने म्हटलेले आहे, पण तिथे स्त्रीचे नाव स्त्रीचेच राहिले आहे.

नदीचे नाव ही माझ्या बाबतीत एक सोय होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. माझ्या थोरल्या आत्याचेही माहेरचे नाव कृष्णाच होते. ती सावळी होती आणि तिच्या आईवडिलांनी ते नाव अर्थ कळूनच ठेवले होते. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहिण्याची वेळ आली, तेव्हा सासरच्या मंडळींनी 'उज्ज्वला' हे नाव निवडले. मुलगी काळी आहे ती आहे, निदान हाक मारताना तरी ते बोलायला नको, असे कुणीतरी मांडवातच म्हटले आणि ते तिने ऐकले. नंतरची सगळी वर्षे ती उज्ज्वला म्हणूनच वावरली. माझ्या बारशाला आत्या या नात्याने माझ्या कानात नाव सांगण्याचा मान तिचा होता. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत मला पाळण्याखालून-वरून दिल्या-घेतल्यावर तिने वाकून माझ्या कानात जे नाव सांगितले ते घरात ठरलेले नव्हते. तिने स्वतःचे काढून घेतलेले नाव सांगितले. बायकांत कुजबूज झाली तेव्हा आजोबा म्हणाले, 'नदीचे नाव आहे, चांगले आहे', आणि विषय मिटला. आत्या मला हे सांगत असे तेव्हा तिच्या बोलण्यात तक्रार नसे. तिचे नाव पुन्हा घरात हाकेला येऊ लागले, एवढ्यात तिला समाधान होते. ती रागावली की मला 'कृष्णे' म्हणे, आणि त्या एकाराने मला आजही तिचा आवाज ऐकू येतो.

आता दुसऱ्या आणि माझ्या मते तितक्याच महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळते, तो म्हणजे या नावाचा वापर. 'मुलगा-मुलगी दोघांसाठी' असे आपण लिहिले ते सर्वस्वी निराधार नाही, हे मी मान्य करते. मराठीत पुरुषांची नावे जवळिकीने आकारान्त करण्याची रीत जुनी आहे. राम रामा होतो, शिव शिवा होतो, गोविंद गोविंदा होतो, तसाच कृष्ण कृष्णा होतो, आणि गावोगावी या नावाचे कष्टाळू, सज्जन पुरुष आहेत. त्यांचे नाव चुकीचे आहे असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. पण तो आकार हाकेचा आणि लाडाचा आहे, तर स्त्रीच्या नावातला आकार व्याकरणाने तिच्या वाट्याला आलेला आहे. दोन वेगळ्या वाटांनी येऊन एकाच ठिकाणी पोहोचलेले हे दोन शब्द आहेत आणि यादीत तसे सांगायला हवे होते.

अलीकडे यात तिसरी वाट मिसळली आहे. रोमन लिपीत कृष्ण आणि कृष्णा ही दोन्ही नावे त्याच अक्षरांनी लिहिली जातात. ती अक्षरे वाचून दूरचित्रवाणीवरचे निवेदक योगाला 'योगा' आणि कृष्णाला 'भगवान कृष्णा' म्हणतात, आणि ऐकून ऐकून आपली मुलेही तसेच बोलू लागली आहेत. परिणाम असा होतो की एखाद्या स्त्रीने आपले नाव कृष्णा असे सांगितले की समोरच्याला ते पुरुषाचे वाटते, आणि ती स्त्री समोर उभी असली तरी तिचे नाव चमत्कारिक वाटते. पूर्वी ही अडचण फारशी येत नसे, कारण नावाला बाई, ताई, माई असे काही ना काही जोडलेले असे आणि कृष्णाबाई म्हटल्यावर शंकेला जागाच उरत नसे. आम्ही शिकलो, नोकऱ्या करू लागलो, कागदोपत्री नुसते नाव आणि आडनाव लिहू लागलो, आणि त्या सुटलेल्या 'बाई'बरोबर नावाची ओळखही सुटली. शाळा बदलली तेव्हा माझे नाव पहिले काही दिवस मुलांच्या हजेरीपटात होते. गुरुजी हजेरी घेताना मुलांच्या रांगेकडे पाहून नाव पुकारत आणि मी मुलींच्या रांगेतून 'हजर' म्हणत असे, त्यावर वर्ग हसे. पुढे बँकेच्या पासबुकावर आणि निवृत्तिवेतनाच्या कागदावरही माझ्या नावामागे 'श्री.' लागले. ती दुरुस्ती करून घेण्यासाठी मी स्त्री आहे याचा दाखला मला द्यावा लागला, आणि दाखल्यासाठी केलेल्या अर्जालाही 'महोदय' अशा संबोधनाने उत्तर आले.

वृत्तपत्रांशी याचा थेट संबंध असा आहे. मराठीत 'कृष्णा आली' आणि 'कृष्णा आला' या वाक्यांत क्रियापद लिंग सांगते. पण सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ आला की क्रियापद कर्माप्रमाणे चालते, आणि 'कृष्णाने सुवर्णपदक जिंकले' या वाक्यात जिंकणारा पुरुष की जिंकणारी स्त्री हे कळण्याची सोय राहत नाही. 'कृष्णाला पुरस्कार मिळाला', 'कृष्णाच्या यशाबद्दल' यांतही तेच होते. बातम्यांचे मथळे बहुधा अशाच वाक्यांचे असतात. आणि जिथे शंका असते तिथे वाचक पुरुष गृहीत धरतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

यावर उपाय मराठीजवळ आहे आणि तो फार जुना आहे. आकारान्त स्त्रीलिंगी नामाला विभक्तीचा प्रत्यय लागताना शेवटच्या 'आ'चा 'ए' होतो. शाळा, शाळेला. गंगा, गंगेत. सीता, सीतेने. राधा, राधेची. तसेच कृष्णा, कृष्णेने, कृष्णेला, कृष्णेची, कृष्णेत. पुल्लिंगी नावाची रूपे मात्र कृष्णाने, कृष्णाला, कृष्णाची अशी होतात. म्हणजे एका मात्रेने सगळा घोटाळा मिटतो. आपले वृत्तपत्र पावसाळ्यात रोज 'सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पाणीपातळी वाढली' असे बिनचूक छापते. २००५ आणि २०१९ च्या महापुरांतही 'कृष्णाची पातळी' असे कुणी लिहिले नाही, कारण नदीच्या बाबतीत आपले कान अजून शाबूत आहेत. द्रौपदीबद्दल लिहिताना आपण 'कृष्णेची विटंबना' असेच लिहितो. जिवंत स्त्रीच्या नावाशी आल्यावरच आपण तो एकार सोडून देतो.

तो का सुटला हेही मी जाणते. हल्ली विशेषनामाचे मूळ रूप अखंड ठेवण्याची पद्धत रुळली आहे आणि आपण स्मिताला, अनिताने, सुजाताची असे लिहितो. स्मितेला, अनितेने असे लिहिले तर आज कानाला खटकेल आणि ज्यांची ती नावे आहेत त्यांनाही ते रुचणार नाही. ती पद्धत मोडावी अशी माझी मागणी नाही. पण स्मिता किंवा अनिता या नावांना पुरुषाशी घोटाळ्याचे भय नाही. कृष्णा या नावाला आहे, आणि या नावाला 'कृष्णेने' हे रूप परकेही नाही, कारण नदीमुळे ते प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडात रोज आहे. म्हणून निदान या एका नावापुरता जुना नियम चालू ठेवावा असे मला आग्रहाने सुचवायचे आहे.

हे किती प्रत्यक्ष आहे ते पाहा. पुण्याच्या कृष्णा पाटील यांनी २००९ मध्ये अवघ्या १९ व्या वर्षी एव्हरेस्ट सर केले. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत कृष्णा पूनिया यांनी थाळीफेकीत सुवर्णपदक मिळवले, आणि राष्ट्रकुल स्पर्धेत मैदानी खेळांचे सुवर्ण भारताला त्याआधी १९५८ मध्ये मिल्खा सिंग यांनी मिळवून दिले होते. हिंदीतल्या थोर लेखिका कृष्णा सोबती यांना २०१७ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. कृष्णा कल्ले यांचा आवाज मराठी भावगीतांच्या श्रोत्यांना अनोळखी नाही. पंडित नेहरूंच्या धाकट्या बहिणीचेही नाव कृष्णाच होते. 'कृष्णाने एव्हरेस्ट सर केले' असे एखाद्या मुलीने छायाचित्राशिवाय वाचले, तर तिच्या डोळ्यांपुढे कोण उभे राहील? आणि 'कृष्णेने एव्हरेस्ट सर केले' असे वाचले तर? एक मात्रा फिरली की शिखरावर मुलगी दिसते.

वर्णाबद्दल आणखी एक सांगायचे राहिले. मराठी शेतकऱ्याच्या भाषेत गावाच्या वस्तीच्या जमिनीला पांढरी आणि पिकाच्या जमिनीला काळी म्हणतात. माणसे पांढरीत राहतात, पण पोसते ती काळी, आणि तिला तो काळी आई म्हणतो. आमच्या खोऱ्यात ती माती कृष्णेच्या पाण्यावरच पिकते. अमरकोशात तर कृष्णा हे पिंपळी या औषधी वनस्पतीचेही नाव आहे, आणि माझ्या वर्गातल्या वैदेही नावाच्या मुलीला मी सांगत असे की त्याच ओळीत पिंपळीचे नाव म्हणून वैदेहीही आहे, तेव्हा आपण दोघी एकाच वेलीवरच्या आहोत. काळेपणाचा शब्द जिथे आईला, नदीला आणि औषधाला चालतो, तिथे तो मुलीच्या नावाचा अर्थ म्हणून उघडपणे छापायला अडचण नसावी.

हे सारे आताच लिहिण्याचे कारण घरगुती आहे. माझ्या भाच्याला मुलगी झाली आहे. तिचे नाव कृष्णा ठेवावे असे त्याच्या आणि त्याच्या पत्नीच्या मनात आहे, आणि मी ते सुचवलेले नाही. घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीने आपल्या पुरवणीचे कात्रण त्यांच्यापुढे ठेवून सांगितले की हे मुलाचेही नाव आहे, पुढे मुलीला त्रास होईल, शिवाय अर्थही नुसता भक्तीचाच आहे, त्यापेक्षा दुसरे पाहा. सुनेने मला दूरध्वनी करून विचारले, 'आत्याबाई, नावाचा खरा अर्थ काय आहे?' मी तिला सांगितले की अर्थ सावळी असा आहे. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'आमची मुलगी आहेच सावळी.' तिच्या स्वरात संकोच नव्हता. माझ्या आत्याच्या मांडवापासून इथवर यायला किती वर्षे लागली, हे त्या क्षणी माझ्या मनात आले.

पुरवणीची यादी पुढे पुस्तिकेच्या रूपाने निघणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्या पुस्तिकेत या नावाची नोंद पुढीलप्रमाणे करावी अशी माझी विनंती आहे:

कृष्णा (स्त्रीलिंगी नाव): सावळी, काळ्या वर्णाची. द्रौपदीचे मूळ नाव. महाबळेश्वर येथे उगम पावणारी नदी. रूपे: कृष्णेने, कृष्णेला, कृष्णेची. 'कृष्ण' या पुल्लिंगी नावाचे लाडाचे रूप 'कृष्णा' हे वेगळे असून त्याची रूपे: कृष्णाने, कृष्णाला, कृष्णाची.

बारसे पुढच्या महिन्यात आहे. भाच्याला सख्खी बहीण नाही, त्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान मला दिला आहे. त्याआधी ही दुरुस्ती पुरवणीत छापून आली, तर ते कात्रण पहिल्या कात्रणाशेजारी ठेवायला मी स्वतः जाईन.

आपली नित्य वाचक,
कृष्णा
निवृत्त शिक्षिका, जिल्हा सातारा